विळीचं पोट

धारेवरून नवरा-बायकोत अबोला होऊ शकतो, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी धाराशिवच्या कोर्टात स्टेनो आहे. बांधावरून, वाटणीवरून, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, एकदा तर एका शेवग्याच्या झाडावरून भांडणारी माणसं मी टाईप केली आहेत. पण विळीचं पातं पोटात खोलगट असावं की सपाट, यावरून हट्टाला पेटलेलं जोडपं माझ्याच सासरी निघालं. त्या खटल्यात मला दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढलं, आणि तेही सुट्टीच्या दिवशी. मला मुळात चिडायला निमित्त लागत नाही, त्यात हे.

सासर माकणीच्या अलीकडचं, धरणाच्या पाण्यावर ऊस घेणारं गाव. सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामा साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ते हिचा कुठला नट सैल झालाय अशा नजरेनं बघतात. आत्या शेत आणि घर दोन्ही सांभाळतात, आणि मामांकडे त्याच नजरेनं बघतात.

मागच्या पावसाळ्यात आत्या न्हाणीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. धाराशिवला आणून प्लास्टर घातलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, डॉक्टर खूश झाले. हातातला जोर मात्र काही परत आला नाही. त्यांनी पिळलेल्या लुगड्यातून दोरीवर टाकल्यावरही पाणी गळत राहायचं. भाकरी थापताना त्या डाव्या हातावर भार टाकायच्या आणि भाकरी एका बाजूला जाड व्हायची. कुणी विचारलं की उजवा हात पदराखाली जायचा आणि "मला काय झालंय?" एवढंच उत्तर यायचं. मला त्यांचं फार वाईट वाटायचं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. बोललं असतं तर त्यांनी त्याच हातानं मला घराबाहेर काढलं असतं.

हेही असंच चालून गेलं असतं, पण पुढं येळवस होती.

वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करायचं, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे खात सुटायचं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, हे परजिल्ह्यातल्या पाहुण्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. वाटाणा, हरभरा, तुरीचे दाणे, गाजर, वांगी, मेथी, कांद्याची पात, बोरं, भोपळा, शिवारात जे काही हाताला लागेल ते सोलायचं, चिरायचं आणि बेसन-चिंचेत शिजवायचं. आमच्या सगळ्या भावकीची भज्जी एकत्र होते. तिचं चिरणं आदल्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात चालतं. बाकीच्या बाया सोलतात, निवडतात, गप्पा मारतात. विळीवर मात्र आत्या बसतात. त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाई बसायच्या, आणि ज्या वर्षी त्यांनी पाट सरकवून "बस आता तू" म्हटलं, त्या वर्षापासून घर आत्यांचं झालं. हे कुणी उघड बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

दिवाळीनंतर काकी आल्या. काकी म्हणजे मामांच्या धाकट्या भावाची बायको. त्यांनी नुकताच दोरी ओढायचा चॉपर घेतला होता. दोरी ओढली की आतलं पातं गरगर फिरतं आणि कांदा नाहीसा होतो. तो चॉपर आत्यांच्या पुढ्यात ठेवून त्या अगदी मायेनं म्हणाल्या, "आक्का, औंदा तुमी नुसतं बसून सांगा. आमी चिरताव."

आत्यांचा हात पदराखाली गेला. "माझी इळी हाय की," त्या म्हणाल्या. "त्या डब्यात भज्जी न्हाय व्हायची, चटणी व्हईल."

काकी हसल्या आणि चॉपर मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या मनानं वाईट नाहीत, आणि तीच खरी अडचण होती. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

मामा ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं धाराशिवला आले, कोर्टाच्या फाटकाशी उभं राहून मला फोन केला आणि हार्डवेअरचं दुकान कुठंय ते विचारलं. संध्याकाळी ते दोन दगडी चाकांचा ग्राइंडर मांडीवर घेऊन परत निघाले. "आजोबा, यात काय हाय?" असं कंडक्टरनं विचारलं तेव्हा "धार," एवढंच त्यांनी सांगितलं म्हणे.

त्या शनिवारी मी गावी गेले तर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली कारखाना सुरू झालेला. मामांनी मला समोर बसवलं, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात काकडी.

"हे बग पोरी. धार दोन जातीची. तुझ्या सासूची सपाट. दगडावर घासत्यात, पातं जाडाकडून बारकाकडं सरळ उतरत येतं. टिकती लई, पण दाबावं लागतं. चाकाची धार न्यारी. चाक गोल, म्हणून पात्याचं पोट आत जातं. धारेपाशी पातं कागदावानी व्हतं. न्हाव्याचा वस्तरा बग. त्याला कुणी दाबतं का? नुसता टेकवला की काम." मग त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिला दाबायला जोर न्हाय. इळीचं पोट आत घातलं की जोराची गरजच न्हाय."

स्वतःचं पोट सदऱ्याच्या गुंड्यांवर ताणलेलं असताना ते हे बोलत होते. पण हसायचं मला सुचलं नाही. या माणसानं बायकोच्या हाताबद्दल घरात एक अक्षर काढलं नव्हतं आणि इथं तिच्यासाठी चाक विकत आणलं होतं.

अडचण एकच होती. आत्या विळीला हात लावू देईनात.

"माझी इळी माझ्या पायरीवर घासती म्या," असं त्यांनी सांगून टाकलं. मागच्या दाराची ती काळी पायरी त्यांच्याही आधीपासून विळ्या घासून घासून मधोमध खोल गेलेली आहे. तिच्यात पावसाळ्यात चिमण्या अंघोळ करतात. म्हणजे बाईनं सपाट धार लावली की दगड खोल जातो आणि बाप्यानं धार लावली की विळी खोल जाते, कुणाचं तरी पोट आत जाणारच. हे मी दोघांनाही ऐकवलं. दोघांनाही आवडलं नाही.

मग मामांनी हात बसावा म्हणून सराव सुरू केला. फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघायचे. त्यात एक दाढीवाला सुरीला धार लावतो आणि ती चालते का हे बघायला आपल्या हातावरचे केस भादरतो. मामांनीही तेच सुरू केलं. त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. मग पोटऱ्या झाल्या. पुढच्या शनिवारी मी गेले तर जेवताना ते माझ्या नवऱ्याच्या हाताकडे टक लावून बघत होते. नवऱ्यानं थंडीचं कारण काढून दोन दिवस पूर्ण बाह्यांचा स्वेटर घातला.

घरातल्या सुऱ्या संपल्या तेव्हा मामा गावाकडं वळले. लोकही हौसेनं आणून देऊ लागले, कारण मामांच्या हातची धार पहिल्या दिवशी खरोखर लोण्यातून जावी तशी जायची. दुसऱ्या दिवसापासून माणसं परत येऊ लागायची. शेजारच्या आजोबांचा अडकित्ता मामांनी पोट आत घालून इतका नाजूक केला की पहिल्याच सुपारीला त्याचा तुकडा उडाला. आजोबांनी तो सुपारीसोबत चघळला. दात नव्हते म्हणून वाचले. तूर कापायला लागलेल्या बाया विळे घेऊन आल्या. तुरीचं खोड म्हणजे लाकूडच. खोलगट धार तिथं दोन-चार झाडांतच मुडपली आणि विळ्यांना करवतीसारखे दाते पडले. त्यातली एक बाई मामांच्या पुढ्यात विळा आपटून म्हणाली, "दाजी, म्या तुमाला इळा दिलता. कंगवा कुणी मागितलाय?"

मामा डगमगले नाहीत. "खोडाला खोल धार चालत न्हाय," ते मला म्हणाले. "ती भाजीला. मला ठावं हाय. पण बाया सांगत न्हाईत की कशाला पायजे." मी म्हटलं, मामा, तुरीच्या शेतातून आलेली बाई विळा कशाला वापरते हे विचारावं लागतं का? त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि चाक सुरू केलं. आमच्या घरातल्या पुरुषांना अडचणीच्या वेळी ऐकू येत नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

आत्या हा सगळा तमाशा दारातून बघत होत्या आणि खूश होत्या. गावातली प्रत्येक बिघडलेली धार म्हणजे त्यांच्या बाजूचा पुरावा होता. पण येळवस आठवड्यावर आली तेव्हा त्या भाचीच्या साखरपुड्याला मुरुमला गेल्या. सकाळच्या गाडीनं गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. तेवढ्यात मामांनी विळीचं पातं पाटापासून सोडवलं, चाकाला लावलं आणि पुन्हा होतं तसं बसवलं.

आत्यांना कळायला किती वेळ लागावा? चपला काढायच्या आधी त्यांनी विळीवर बोट फिरवलं. मग त्या काही बोलल्याच नाहीत. मामांशी तर त्या दिवसापासून नाही. समोर बसलेल्या माणसाला माझ्या फोनवरून निरोप यायचे. मी कोर्टात बसलेली, आणि तिकडून आत्यांचा फोन, "मामांना सांग, च्या झालाय." मी मामांना फोन लावून सांगायचे. मामा म्हणायचे, "तिला सांग, दिसतोय." शेवटी मी भडकले आणि दोघांनाही सांगितलं की आता निरोप द्यायचा असेल तर वकील लावा. तेवढ्यानंही अबोला सुटला नाही.

मात्र मी शनिवारी घरी गेले तेव्हा मेथीची भाजी होती. रात्री मेथीचं पिठलं. सकाळी मेथीचे धपाटे. दुपारी पुन्हा मेथी बघून मी स्वयंपाकघरात गेले. आत्या विळीवर बसल्या होत्या. मेथीची जुडी त्या पात्याला नुसती टेकवत होत्या आणि ती आपोआप दोन होत होती. उजव्या हाताला काहीच करावं लागत नव्हतं. त्या एकट्याच हसत होत्या, आणि चिरून झालेल्या मेथीशेजारी अजून तीन जुड्या होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"लई उथळ धार हाय ही," त्या म्हणाल्या. "टिकायची न्हाय." आणि पुढची जुडी घेतली.

मला वाटलं, जिंकलं घर. मेथी कापता येतेय, गाजर कापता येतंय, येळवशीला काकींचा चॉपर डब्यातच राहणार. भोपळ्याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मामांच्याही नाही. आत्यांच्या आला असावा, पण त्यांचा अबोला चालू होता.

येळवशीच्या आदल्या दुपारी अंगण भरलं. पोती रिकामी झाली, शेंगांचा ढीग लागला, बायांनी बैठक मारली. आत्या पाटावर बसल्या, एक गुडघा वर, एक पाय पाटावर. गाजरं सरासरा उतरत होती. वांगी पडत होती. काकी बघत होत्या आणि चॉपरची दोरी बोटाला गुंडाळून पुन्हा सोडत होत्या. दोन-तीन बायांनी विळीचं कौतुकही केलं. आत्यांनी ते कानाआड केलं, पण मान जरा ताठ झाली.

मग भोपळे आले. एक आमच्याच शेतातला, घागरीएवढा, वरून दगड झालेला. दुसरा काकींच्या परसातला, तांब्याएवढा, कोवळा. आमच्याकडं बाईमाणूस अख्ख्या भोपळ्याला आधी हात घालत नाही, पहिला घाव पुरुषानं घालायचा. मामा हा घाव दरवर्षी पुढाऱ्यानं फीत कापावी तसा घालतात. बाहेरून येतात, कोयत्याचं टोक भोपळ्याला टेकवतात, अर्धं बोट आत गेलं की कोयता ठेवून परत ओट्यावर. उरलेला भोपळा बायांचा. यंदाही त्यांनी दोन्ही भोपळ्यांना टोचा मारला, आत्यांकडे एकदा चोरून बघितलं आणि निघून गेले.

आत्यांनी मोठा भोपळा उचलून पात्यावर ठेवला. टोच्यापासून पातं आत गेलं. सहज गेलं, आवाजसुद्धा नाही. सगळ्या बाया "बया!" म्हणाल्या. चार बोटं आत गेलं आणि थांबलं.

तिथं मला कळलं की मामांनी काय केलं होतं. पोट जिथवर आत गेलं होतं तिथवर पातं कागदासारखं होतं, पण पोटाच्या मागं, पाठीकडं, ते पहिल्याइतकंच जाड राहिलं होतं. सपाट पातं सरळ उतारावर फटीत घुसत राहतं. हे एका जागी एकदम रुंद झालं आणि भोपळ्यात पाचर होऊन बसलं. पुढं जाईना, मागं येईना. आत्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. पुन्हा दाबलं, आणि त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तो मी ऐकला, काकींनीही ऐकला. अंगणातलं बोलणं बंद पडलं.

"द्या आक्का," काकी हळूच म्हणाल्या आणि पुढं सरकल्या.

आत्यांनी भोपळा सोडला नाही. पण मान खाली गेली. "हुईना मला," त्या म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या, आणि भावकीच्या सगळ्या बायांसमोर बोलल्या. मामांच्या ग्राइंडरला, त्या दाढीवाल्याला आणि मामांना मी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की कोर्टात टाईप करता येणार नाहीत.

शांतता ऐकून मामा आत आले. आधी त्यांनी भोपळा धरून ओढला. भोपळ्यासोबत विळी उचलली गेली, विळीसोबत पाट, आणि पाटावर पाय असलेल्या आत्या मागं कलंडल्या. एका बाईनं त्यांना सावरलं. एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. मामांनी सगळं पुन्हा खाली ठेवलं आणि विचार करत उभे राहिले. मला वाटलं, आता ते कोयता आणतील, किंवा धारेवर व्याख्यान देतील.

ते गुडघे कुरकुरवत आत्यांच्या समोर खाली बसले. पोट आड येत होतं म्हणून जरा तिरके बसले. आणि त्यांनी आपले दोन्ही हात, ते केस भादरलेले हात, भोपळ्यावर आत्यांच्या हातांवर ठेवले.

मी या घरात आल्यापासून मामांनी आत्यांच्या हातात चहाचा कपसुद्धा दिलेला बघितला नव्हता. कप खाली ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा, अशी त्यांची पद्धत. अंगणातल्या सगळ्या पदरांची टोकं एकदम तोंडात गेली. काकी तर शेंगांच्या ढिगाकडं तोंड करून हलत होत्या.

आत्या कानापर्यंत लाल झाल्या. अबोला मोडून पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "सोडा की. समद्या बगायल्यात."

"बगू दे," मामा म्हणाले. "तू धर नीट. म्या दाबतो."

चार हातांनी दाब बसला. पाचर झालेलं पातं आत गेलं, भोपळा कडकन वाजला आणि उभा फाटून दोन बाजूंना पडला. बिया माझ्या पायाशी उडाल्या. बायांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी लगेच मान वर केली, "बगितलं? खोल धारेनं..."

"धारेनं न्हाय," आत्या म्हणाल्या.

फोडी चिरायचं काम आता सोपं होतं, ते आत्यांना एकट्यांना जमणार होतं. मामा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. काकींनी हसू आवरत दुसरा भोपळा पुढं केला, तो कोवळा, तांब्याएवढा. तो तर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या साध्या सुरीनं कापला असता. आत्यांनी तो पात्यावर धरला, दोन्ही हात वर ठेवले आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "बसा की. अजून एक हाय."